नळीची आवड

१

कार्डावर पाच भोकं होती आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. आत्याबाईंनी ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, मग उलटं करून मागून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी ते त्यांच्या भाचीचं कार्ड वाटत नव्हतं. गेल्या महिन्यापर्यंत तिची पाचही भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकली जायची.

"बंदूक विकून टाकते," भाची म्हणाली. "रविवारी संघाची निवड आहे. तिथे चारचौघांत शोभा करून घेण्यापेक्षा आधीच नाव काढून घेते."

"अगं, पण का?"

"हात थरथरतात, आत्या. क्लबात सगळ्यांदेखत मास्तरही तेच म्हणाले."

ती ट्रॉफ्यांवर, अंगठ्यांवर आणि घड्याळांच्या पाठींवर नावं कोरायची. सुईच्या टोकाएवढ्या अवजाराने अक्षराला वळण द्यायचं, आणि एकदा हात हलला की ते घड्याळ गिऱ्हाइकाला भरून द्यायचं, असलं ते काम. हाताचं कळल्यावर तिने स्वतःच मालकांना सांगितलं होतं की मला काउंटरवर बसवा. म्हणजे प्रश्न नुसत्या खेळाचा नव्हता. एअर रायफल गेली असती तर दुःख झालं असतं आणि विसरलंही गेलं असतं. हातावरचा विश्वास गेला तर पोट कशावर भरायचं?

आत्याबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. उभा जन्म जळलेली गोदामं आणि उलटलेले ट्रक बघून 'आग लागली की लावली' हे ठरवण्यात गेला. नोकरी सुटली पण नाक सुटलं नाही. त्यांचा दूधवाल्यावर संशय, टपालवाल्यावर संशय, शेजारच्यांच्या मांजरावर तर पक्का संशय. नेमबाजीच्या क्लबात त्यांना पाठीमागे 'शंकाबाई' म्हणत, आणि हेही त्यांना संशयावरूनच कळलं होतं. पण हातांचं मात्र त्यांनी निमूट मान्य केलं होतं. दिवसभर कोरीवकाम, संध्याकाळी नेमबाजी, मग हात थकणारच. विळी तिच्या हातून काढून घेऊन भाजीही आता त्याच चिरत होत्या.

"आणि हल्ली छर्रेसुद्धा आपोआप आत घसरतात," भाची कपबशा उचलता उचलता म्हणाली. "पूर्वी अंगठ्याने दाबून बसवावे लागायचे. आता टाकला की गेला. तेही माझ्या मनाचेच खेळ असतील."

आत्याबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "हात थरथरतील गं मनामुळे. पण छऱ्याला कुठून आलं मन?"

२

क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. एका टोकाला उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला दिव्याखाली कार्डं. इथे फक्त स्प्रिंगच्या एअर रायफली चालत. नळी मोडून खाली ओढायची, म्हणजे आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा दाबतो आणि हवा छऱ्याला ढकलते. साधी गोष्ट, पण मोठी नाठाळ. स्प्रिंग सुटताना बंदूक पुढे-मागे हिसका देते, म्हणून ती घट्ट आवळून चालत नाही, तळहातावर सैल निजवावी लागते.

हे सगळं शिकवणारे मास्तर कपाटासमोर चिंधीने दस्ते पुसत उभे होते. टक्कल, मऊ आवाज, कोपरावर ठिगळाचा स्वेटर. भिंतीवर त्यांच्याच हाताने रंगवलेली अक्षरं होती: नळीला विचारा. नवा माणूस आला की मास्तर त्याला सगळ्या तऱ्हांचे छर्रे थोडे थोडे मारायला लावत. कोणता छर्रा चांगला हे डब्यावर लिहिलेलं नसतं, नळी सांगते, हे ते गेली कित्येक वर्षं सांगत आले होते.

"ताई, मुलगी गुणी आहे हो," मास्तर म्हणाले. "पण निवड जवळ आली की भलेभले हलतात. मी तिची बंदूक स्वतः तपासली. स्प्रिंग ठणठणीत, स्क्रू घट्ट. बंदुकीत दोष नाही, हे छातीठोक सांगतो."

"कपाटाला कुलूप असतं ना?"

"असतं की. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे, अध्यक्ष म्हणून. एक दुकानवाल्या वहिनींकडे, दुरुस्तीला बंदुका न्यायला." मास्तर हसले. "तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला. पण इथे सगळी घरचीच माणसं आहेत."

घरची माणसं या शब्दावर आत्याबाईंनी निम्मं आयुष्य विम्याचे दावे फेटाळले होते. त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

स्पर्धेला क्लबाच्या संघातून दोघं जात. गेल्या वर्षी भाची आणि डॉक्टर गेले होते. तिसरा राखीव, आणि राखीव म्हणून दर वर्षी मास्तर. त्यांनी कधी बंदूक उचलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. भाचीत आणि डॉक्टरांत पहिलं कोण यावरून मात्र गोड भांडण असायचं. आणि गोड भांडणं कडू कधी होतात ते आत्याबाईंना चांगलं ठाऊक होतं. शिवाय दोघांच्या बंदुकाही सारख्याच. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. ते शेवटच्या जागेवर एकटेच सराव करत होते. आत्याबाई दिसताच त्यांनी समोरचं कार्ड घाईघाईने उतरवून घडी घातली आणि खिशात सरकवलं. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"अंगठ्याला काय झालं, डॉक्टर? स्क्रू-ड्रायव्हर लागला?"

"छे हो. असंच."

"दातांच्या डॉक्टरांचा अंगठा असाच दुखत नाही. पेशंट चावला?"

डॉक्टर हसले नाहीत, आणि आत्याबाईंचा संशय पावशेराचा शेरभर झाला. "भाचीचा नेम बिघडल्यापासून तुम्ही कोणाशी बोलत नाही म्हणे. कार्ड दाखवता?"

"खाजगी आहे."

"कार्डात कसलं आलंय खाजगी?" असं म्हणत आत्याबाईंनी सरळ हात पुढे केला. निवृत्त झाल्या तरी त्या हाताला नाही म्हणणं अवघड होतं. डॉक्टरांनी खिशातून घडी काढली आणि मान दुसरीकडे वळवली.

बटणाएवढ्या जागेत पाच भोकं असतील, चोरून पटकावलेला पहिला नंबर असेल, अशी आत्याबाईंची खात्री होती. त्यांनी घडी उलगडली. कार्डावर भोकं सैरावैरा पळाली होती. भाचीच्याही वाईट.

३

"दोघांचाही नेम गेला?" दुकानवाल्या वहिनींनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मला कोणी बोललं नाही."

"लाजेने मूग गिळून बसलेत दोघंही. प्रत्येकाला वाटतंय आपलंच चुकतंय," आत्याबाई म्हणाल्या. "वहिनी, राग मानू नका. दोन्ही बंदुकांच्या स्प्रिंगा महिन्याभरापूर्वी तुम्हीच बदलल्यात ना?"

वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. "बदलल्या. आणि इथेच मागच्या अंगणात तुमच्या भाचीने मारून पाहिलं. पाचही छर्रे एका भोकात! त्यानंतर आठवडाभर ती तशीच मारत होती. विचारा तिला."

शेजारी उभ्या भाचीने मान हलवली. हो, खरं होतं.

म्हणजे स्प्रिंग नाही. आत्याबाईंनी मनातल्या मनात एक फुली मारली. "मग छर्रे? डबा तोच, पण आत भलतेच भरले असतील?"

वहिनींनी भाचीचा डबा मागून घेतला, एक छर्रा सूक्ष्ममापकाच्या जबड्यात धरला, मग फळीवरून नवा सीलबंद डबा काढून त्यातला एक मोजला. दोन्ही सारखे. "बारीक डोक्याचे, चपट्या तोंडाचे. हिच्या बंदुकीला हेच लागतात. डॉक्टरांच्या बंदुकीला मोठ्या डोक्याचे."

"पण बंदुका तर जुळ्या आहेत ना?"

"जुळ्या म्हणजे बाहेरून, आत्याबाई." वहिनींनी विक्रीला ठेवलेल्या दोन बंदुका काउंटरवर शेजारी ठेवल्या. वजन, लाकूड, स्प्रिंग, चाप, सगळं एकसारखं. गिऱ्हाईक दोन्ही खांद्याला लावून बघतं आणि वेडं होतं. "पण कारखान्यात नळीला आतून आटे पाडताना केसाएवढा फरक पडतो. एक नळी हलकीशी अरुंद, दुसरी हलकीशी रुंद. अरुंद नळीला मोठ्या डोक्याचा छर्रा घशात अडकतो. रुंद नळीला बारीक छर्रा सैल पडतो, मग हवा बाजूने निसटते आणि छर्रा डुलत जातो. टोकदार घ्या, गोल घ्या, चपटा घ्या. कागदावर चपट्याचं भोक स्वच्छ पडतं म्हणून चपटा, पण डोकं नळीच्या मापाचंच हवं."

भाची एकदम म्हणाली, "माझे सैल पडतात."

"आणि डॉक्टरांचा अंगठा दुखतोय," आत्याबाई हळूच म्हणाल्या. छर्रा दाबून दाबून सोललेला अंगठा. स्क्रू-ड्रायव्हरचा नव्हे. "वहिनी, डॉक्टर तुमच्याकडे आले होते?"

"आले होते की, छर्रे न्यायला. काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरलेला. मीच म्हटलं, पाच-सहा तऱ्हांचे नमुने घेऊन जा, मारून बघा. हिलाही तेच म्हटलं होतं. दोघांनीही नको म्हटलं. आणि गंमत बघा, दोघांचं उत्तर शब्दाला शब्द एकच. 'स्पर्धा तोंडावर असताना सवयीचे छर्रे बदलायचे नसतात.'"

आत्याबाईंनी भाचीकडे पाहिलं. भाची काउंटरकडे बघत होती.

"हे तुला कोणी सांगितलं?"

भाचीने झटकन वर पाहिलं. तिचा चेहराच पांढरा पडला.

४

दुपारी क्लब रिकामा होता. आत्याबाईंनी डॉक्टरांना दवाखान्यातून उठवून आणलं होतं, तेही एका पेशंटच्या तोंडात कापूस असताना. सोबत आत्याबाईंनी दोन वाट्या आणल्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या.

"यातले छर्रे वापरायचे. कोणते आहेत ते विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोणाचा दावा तपासायचा असेल तर त्याला आपण काय तपासतोय ते सांगायचं नसतं."

"माझे हात..." भाचीने सुरुवात केली.

"हात राहू देत. मार."

भाचीने नळी मोडली, छर्रा ठेवला. आणि थबकली. अंगठ्याने दाबावा लागला. तो आत बसल्याची ती बारीक टिचकी तिला पुन्हा लागली, जी ती विसरत चालली होती. तिने बंदूक तळहातावर निजवली, श्वास सोडला, चाप ओढला.

पाच छर्रे झाल्यावर डॉक्टरांनी दोरी ओढून कार्ड जवळ आणलं. सगळी भोकं एकमेकांत शिरली होती. आत्याबाईंनी पर्समधलं शर्टाचं सुटं बटण त्यांवर ठेवून पाहिलं, पाचही झाकली गेली. भाची कार्डाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवलेही नाहीत.

"आता तुम्ही, डॉक्टर. दुसऱ्या वाटीतले."

डॉक्टरांचंही कार्ड तसंच आलं. पट्टी लावलेला अंगठा त्यांनी एकदाही चोळला नाही.

"पहिल्या वाटीत डॉक्टरांचे मोठ्या डोक्याचे छर्रे होते," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरीत हिचे बारीक. हिच्या बंदुकीला डॉक्टरांचे छर्रे आवडतात आणि डॉक्टरांच्या बंदुकीला हिचे. दस्ता ज्याचा त्याचा आहे, नंबर ज्याचा त्याचा आहे, कारण नंबर मागच्या सिलिंडरवर कोरलेला असतो. बदललेत ते फक्त पुढचे भाग. कोणीतरी या दोन बंदुकांच्या नळ्यांची अदलाबदल केली आहे."

"छर्रे बदलायला कोणी सांगितलं?"

आवाज दाराकडून आला. मऊ आवाज. मास्तर उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या हातातली चिंधी खाली पडली होती.

५

"बसा, मास्तर," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते."

मास्तर बसले नाहीत.

"नळी काढायची म्हणजे दस्ता सोडवायचा, बिजागरीचा स्क्रू काढायचा. माहीतगाराला एका निवांत दुपारचं काम. किल्ल्या तिघांकडे आणि हात तिघांचेही तयार. मी पहिल्यांदा डॉक्टरांवर घेतला संशय. पण डॉक्टरांनी हिची नळी चोरली असती तर हिचेच छर्रे वापरले असते. सोललेला अंगठा घेऊन चुकीचे छर्रे कशाला ठोसत बसले असते? स्वतःची फजिती करून घेणारा चोर मी नाही पाहिला."

"आभारी आहे," डॉक्टर पुटपुटले.

"मग वहिनी. त्यांनी केलं असतं तर दोघांनाही छऱ्यांचे नमुने घ्या म्हणून आग्रह केला नसता. नमुने मारले असते तर सगळं उघडं पडलं असतं, आज पडलं तसं." आत्याबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "आता ते वाचा, मास्तर. तुमचंच अक्षर आहे. नेम बिघडला की आधी छर्रे बदलून बघा, नळीला विचारा, हे तुम्ही इतक्या वर्षांत इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत. फक्त या दोघांना, आणि फक्त या दोन-तीन आठवड्यांत, तुम्ही उलटं सांगितलंत. ज्याला माहीत होतं की नळी काय उत्तर देईल, तोच म्हणेल विचारू नका."

"सवय मोडू नये म्हणून..." मास्तर म्हणाले आणि चिंधी उचलायला वाकले.

"एकाचा नेम गेला असता तर फायदा दुसऱ्याचा होता. पण दोघांचाही गेला तर? दोघंही पडले की संघात कोण जातं?"

 मास्तर एकदम बाकावर बसले.

"राखीव," ते म्हणाले. "इतकी वर्षं राखीव. तुमच्या बंदुका धरायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पोरं मेडल घेऊन यायची ना, माझ्या गळ्यात घालायची. मास्तर, तुमच्यामुळेच, म्हणायची. फोटो काढायची. आणि फोटो झाला की काढून घ्यायची." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "एकदाच जायचं होतं मला. परत आलो की नळ्या पुन्हा जागच्या जागी लावणार होतो. कोणाचं काही नुकसान नव्हतं त्यात."

"मास्तर," भाची म्हणाली.

 तिचा आवाज अगदी हळू होता.

"नळी बदललीत, ते मी समजू शकते. पण बंदूक बिघडली असेल असं म्हणायचं होतं ना. नशीब म्हणायचं होतं. हात थरथरतात असं का म्हणालात?"

"तू बंदूक उघडून बघू नयेस म्हणून गं पोरी. दुसरं काही नाही."

"मी हातांनी कमावते, मास्तर. कोरीवकाम सोडलं मी. मालकांना सांगितलं, मला काउंटरवर बसवा, माझ्या हातांचा भरवसा नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. "हे मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

डॉक्टर रागाने लालबुंद झाले होते. क्लबातून काढून टाकू, कमिटी बोलावू, असं काय काय ते बोलत होते. भाचीने त्यांना हाताने थांबवलं.

"कमिटीचं तुम्ही बघा. मला एकच हवंय. रविवारी, सगळ्यांसमोर, मास्तरांनी सांगायचं."

"आजारी आहे म्हणून बाजूला होतो मी," मास्तर गयावया करत म्हणाले. "क्लब सोडतो, किल्ली आत्ता देतो. पण चारचौघांत नको."

"माझे हात थरथरतात हे तुम्ही चारचौघांतच म्हणाला होता," भाची म्हणाली.

६

रविवारपर्यंत दुकानवाल्या वहिनींनी दोन्ही नळ्या आपापल्या घरी पोचवल्या. मास्तर येतील का, याबद्दल आत्याबाईंना दाट संशय होता. पण ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, भिंतीजवळ उभे राहिले आणि कार्डं लागण्याआधी पुढे झाले.

"हिचे हात स्थिर आहेत," ते म्हणाले. "नेहमीच होते. मी खोटं सांगितलं. आणि नळ्या मी बदलल्या." मग ते मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले. लोक आपसांत कुजबुजले. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

भाचीने बंदूक उचलली. आणि तिचे हात थरथरले. नळीचं टोक सगळ्यांना दिसेल इतकं हलत होतं. खोलीतली कुजबुज बंद झाली. सवयीने मास्तरांच्या तोंडून "पकड..." एवढं निघालं आणि त्यांनी तोंड मिटलं.

"थांबा," भाची म्हणाली. "हा राग आहे. भीती नाही. जरा वेळ द्या मला."

तिने बंदूक खाली ठेवली, खुर्चीत बसली, हात गुडघ्यांवर पालथे टेकले. तिला कोणी घाई केली नाही. डॉक्टरांनीही आपली बंदूक खाली ठेवली. पुष्कळ वेळाने ती उठली, आणि कोणी काही सांगायच्या आत तिने नेम धरला. पहिला छर्रा थोडा डावीकडे गेला. उरलेले जिथे जायचे तिथे गेले. डॉक्टर पहिले आले, ती दुसरी. संघात दोघांचीही नावं लागली.

दोघी पायीच घरी निघाल्या. कोपऱ्यावर वळताना भाचीने मालकांना फोन केला आणि उद्यापासून पुन्हा कोरीवकामाला बसते म्हणून सांगितलं. तिने फोन ठेवल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "हातांचं मलाही खरं वाटलं होतं गं."

"माहीत आहे."

"तू बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू दूधवाल्यावर संशय घेतेस, मांजरावर घेतेस. माझे हात थरथरतात म्हटल्यावर मात्र एक प्रश्न विचारला नाहीस." भाचीने बंदुकीची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मास्तर खोटं बोलत होते, आत्या. तुला खरंच तसं वाटत होतं."

 आत्याबाईंनी पिशवीचा एक बंद धरला आणि दोघी तशाच घरापर्यंत चालत गेल्या.